दगडफूल गळ्यात घालायचं, पण कशातलं?

दगडफुलांच्या किंवा भूछत्रांच्या वेडापायी हाताने घडवलेला दागिना घ्यायला निघालात, तर आधी एक ठरवा: तुम्हाला त्यांचा रंग भुलवतो की आकार? दोन्ही एकाच दागिन्यात क्वचितच मिळतात.

रंग हवा असेल तर खरा तुकडा पारदर्शक रेझिनमध्ये, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या प्लास्टिकसारख्या द्रवात, बसवलेलं पेंडंट घ्या. झँथोरिया या दगडफुलाचा पिवळाकेशरी किंवा क्लॅडोनिया या दुसऱ्या दगडफुलाच्या काही जातींच्या टोकांवरचा लालभडक ठिपका चांदीत कुठून येणार? शिवाय दगडफुलाला वाळून पडून राहायची सवयच असते, त्यामुळे ते रेझिनला सोयीचं. भूछत्राचं तसं नाही. ताज्या भूछत्रात ९० टक्क्यांच्या आसपास पाणी. ते घाईने वाळवून रेझिनमध्ये घातलं की आत बुडबुडे धरतात आणि तुकडा काळवंडतो. टर्की टेलसारखी चामड्यागत चिवट बुरशी मात्र छान टिकते. रेझिनवर चरे पडतात, उन्हाने ते पिवळसर होतं, आणि आतली हिरवी छटाही हळूहळू उडते. हे पटत असेल तरच घ्या.

आकार हवा असेल तर ओतीव चांदी, आणि इथे मी सरळ पक्षपाती आहे. पातळ कडांना मेणाचा हात देऊन तुकडा साच्याच्या लगद्यात पुरतात, मग भट्टीत ७०० अंशांच्या वर जाळून टाकतात. उरलेल्या पोकळीत ९२.५ टक्के शुद्धतेची चांदी ओतली की दगडफुलाची प्रत्येक सुरकुती उमटते. मुद्दाम काळपट केलेली चांदी मागा. खाचांत काळं बसलं की भूछत्राच्या छत्रीखालच्या पात्या अशा उठून दिसतात, की भिंगातून बघतोय असं वाटावं. एक खूण लक्षात ठेवा. मूळ तुकडा जळून जातो, म्हणजे थेट ओतलेला नग एकच निघतो. हुबेहूब सारखे दहा दिसले तर ते रबरी साच्यातून काढलेले. त्यात फसवणूक नाही, पण ‘एकमेव’ म्हणून जास्त पैसे मोजू नका. मोठी कानातली मात्र चांदीत जड होतात.

तिथे तांब्याचा मुलामा कामी येतो. खऱ्या तुकड्यावर वीजवाहक रंग लावून विजेच्या साहाय्याने तांबं चढवतात. दागिना हलका होतो, पण कवच पातळ असलं तर चेपतं, आणि तांब्याने कातडी हिरवी पडू शकते. अंगठीसाठी नकोच.

पॉलिमर क्ले, म्हणजे भाजल्यावर कडक होणारी प्लास्टिकची माती? पांढऱ्या ठिपक्यांचं लाल भूछत्र हवं असेल तर खुशाल घ्या. खऱ्या भूछत्राला वाळवून तो तजेला राहत नाही. फक्त बारीक देठ जपा, पटकन तुटतो.

रोज घालायची अंगठी असेल तर चांदी, अधूनमधून मिरवायचं पेंडंट असेल तर रेझिन, असं माझं मत. खरा तुकडा वापरलेला असेल, मग दागिना कोणताही असो, तो कुठून आणला हे विकणाऱ्याला विचाराच. खडकाला चिकटून वाढणाऱ्या काही जाती वर्षाला १ मिलिमीटरही पसरत नाहीत. गळून पडलेल्या फांदीवरचं दगडफूल घ्यायला माझी हरकत नाही. खडकावरून खरवडलेलं असेल तर मी ते दुकानातच ठेवून येते.