स्टेपनी विकणाऱ्याला गाडीची तारीख आधी सांगू नका

अमेरिकेत जुन्या मसल कारचा (दणकट इंजिनाच्या अमेरिकन गाड्यांचा) नाद असलेल्या आपल्या मंडळींसाठी हे लिहितोय. माझे अकराशे डॉलर ज्याने लुबाडले, तो माणूस अजूनही सुटे भाग विकतोय.

माझी गाडी १९६९ ची शेवरोले कॅमॅरो एसएस, ओहायोतल्या नॉरवुड कारखान्यातली. ती मूळ रूपात आणताना बाकी सगळं जमलं, अडलं ते स्टेपनीपाशी. कारखान्यातून आलेले चार टायर झिजून कधीच भंगारात गेलेले असतात. डिक्कीतला पाचवा तेवढा कोरा राहण्याची शक्यता असते. म्हणून जमिनीला न टेकलेली मूळ स्टेपनी सोन्याच्या भावाने विकली जाते, आणि लबाडांचा डोळाही तिच्यावरच असतो.

जाहिरात बघून मी फोन केला. त्या माणसाचा पहिलाच प्रश्न होता, "तुमची गाडी कधी बनली?" जाणकार वाटला. फायरवॉलवरच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावरच्या) पट्टीवर महिन्याचा आकडा आणि आठवड्याचं अक्षर असतं, ते मी वाचून दाखवलं: एप्रिल, दुसरा आठवडा. "बघून सांगतो," म्हणाला. पुढच्या आठवड्यात त्याचाच फोन आला. वडिलांच्या गॅरेजात चाक सापडलंय, १४ इंची, स्टीलचं, वर गुडइयर पॉलिग्लास टायर, आणि चाकावरची तारीख मार्च १९६९!

ही तारीख म्हणजेच सापळा होता. व्हॉल्व्हच्या भोकाजवळ चाक बनवणाऱ्याची खूण, वर्षाचा शेवटचा आकडा, महिना आणि दिवस ठोकलेला असतो. चाक गाडीच्या थोडं आधी बनलेलं हवं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पेनसिल्व्हेनियातल्या एका बाजारात भेटलो. पैसे रोख मागितले आणि पावतीवर लिहिलं फक्त "जुनं चाक व टायर".

खरा प्रकार उघडा पाडला तो आमच्याकडच्या एका वयस्कर मेकॅनिकने. त्याने टॉर्च आडवा धरून टायरची आतली, म्हणजे गाडीकडे राहणारी बाजू दाखवली. तिथे बोटभर लांबीचा पट्टा गुळगुळीत होता, आजूबाजूच्या रबरावरची बारीक रेघ तिथे येऊन पुसली गेली होती. अमेरिकेत टायरवर कोणत्या आठवड्यात बनला हे सांगणारा नंबर सक्तीचा झाला मे १९७१ पासून. १९६९ च्या टायरवर तो नसतो, आज जुन्या नमुन्यावरून बनणाऱ्या नकलेवर असावाच लागतो. म्हणजे नवी नक्कल घेऊन नंबर घासून टाकला होता.

मग त्याने चाकावरचा रंग थोडा खरवडला. पत्र्यावर जुन्या गंजाचे खड्डे होते, पण आकड्यांच्या रेघांमध्ये एकही नाही. ठोकणी त्या खड्ड्यांना चेपत गेलेली स्पष्ट दिसत होती. पन्नास वर्षांपूर्वी ठोकलेला आकडा असता, तर गंजाने त्यालाही पत्र्याइतकंच खाल्लं असतं. माझी तारीख ऐकून, मला हवी तशी तारीख त्याने बनवली होती. जाड काळ्या रंगाखाली हे सगळं झाकलं होतं.

फोन लावला तर म्हणाला, मूळ असल्याचं मी लिहून कुठे दिलंय? नंतर फोन उचलणंच बंद. पोलिसांत तक्रार नोंदवली आहे, पण पावती त्याच्या बाजूची आहे.

तेव्हा विक्रेत्याने तुमच्या गाडीची तारीख विचारली, तर आधी त्यालाच चाकावरच्या खुणेचा जवळून काढलेला फोटो पाठवायला सांगा. खरा माल असलेल्याला त्यात काहीच अडचण नसते. ताजा, जाड रंग दिसला तर थोडा खरवडू देतो का विचारा. टायर दोन्ही बाजूंनी बघा, नुसता अक्षरांच्या बाजूने नको. आणि पावतीवर "१९६९ चं मूळ चाक, मूळ टायर" हे शब्द येईपर्यंत पाकीट बाहेर काढू नका.

तो टायर मी ठेवून घेतलाय. आतल्या बाजूला, घासलेल्या पट्ट्याच्या शेजारी, पांढऱ्या ऑइल पेंटने मोठ्या अक्षरांत "नक्कल" असं मराठीत आणि इंग्रजीत लिहून ठेवलंय, म्हणजे माझ्यानंतर ती गाडी ज्याच्याकडे जाईल त्याला कुणी हा टायर मूळचा म्हणून विकू शकणार नाही.