ओघम की रून?
भाची पल्लवीला लाकडी पट्टीवर नाव कोरायचंय. आयर्लंडची जुनी ओघम लिपी घ्यावी की उत्तर युरोपातल्या जर्मानिक लोकांची जुनी रून लिपी, यावर गाडी अडलीय. दुकानदार ही 'जादूची अक्षरं' म्हणून खपवतात, ते सोडा.

कोरायला ओघम सोपं. मूळ ओघम दगडावर कोरायचे, तिथे दगडाची कडच मधली रेघ; तिच्या या बाजूला, त्या बाजूला नाहीतर आरपार एक ते पाच चरे, स्वरांना नुसत्या खाचा. वाचायचं खालून वर. पण मोजताना एक चरा सुटला की 'न'चा 'स' होतो! आणि मूळ २० अक्षरांत 'प' नाहीच, म्हणजे हिची पंचाईत.

जुन्या रूनमध्ये २४ अक्षरं, 'प'सकट. मात्र प्रत्येकाचं वळण वेगळं, हात बसायला वेळ लागतो.

पल्लवीने रूनच घ्यावी. धाकट्या मीनलच्या नावात 'प' नाही, तिला ओघम. आयर्लंडच्या दगडांवरही बहुतेक नावंच आहेत, 'अमक्याच्या मुलाचा' छापाची.