हेल्थ डेटाचा ‘लीडरशिप’ कोर्स : मिरजेच्या एमआरडीतून एक अभिप्राय

फी दीड लाखाच्या घरात, वर अठरा टक्के जीएसटी. सहा महिने, शनिवार-रविवार संध्याकाळी ऑनलाइन वर्ग, शेवटी एका अमेरिकन विद्यापीठाचा शिक्का असलेलं सर्टिफिकेट. हेल्थ इन्फॉर्मॅटिक्स (म्हणजे आरोग्याची माहिती गोळा करणं, नीट ठेवणं, वापरणं) आणि डेटा अ‍ॅनालिटिक्समधलं नेतृत्व शिकवतो म्हणणारा हा कोर्स मी पुरा केला. हप्ते अजून चालू आहेत. कंपनीचं नाव लिहीत नाही. अशा कंपन्या आता बऱ्याच झाल्यात आणि त्यांची माहितीपत्रकं शेजारी-शेजारी ठेवली तर फक्त लोगो वेगळा दिसतो.

मी मिरजेत एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मेडिकल रेकॉर्ड विभाग, म्हणजे एमआरडी, बघते. मूळची बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स, नंतर मेडिकल रेकॉर्डचा डिप्लोमा. इथे हॉस्पिटलं इतकी की स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला नुसतं ‘दवाखान्यात सोडा’ म्हटलं तर तो आधी ‘कुठल्या?’ विचारतो. बरेच पेशंट कर्नाटकातून येतात, कागदपत्रं कन्नडमध्ये असतात, आणि एकच माणूस आमच्या सिस्टीमला तीन स्पेलिंगांनी आणि तीन यूएचआयडींनी (हॉस्पिटल पेशंटला देतं तो नंबर) भेटतो. मोबाइल नंबर मुलाचा, तोच नंबर सुनेच्या बाळंतपणाच्या फाइलवर. जन्मतारीख विचारली की एक जानेवारी. वय विचारलं की पन्नास, पंचावन्न, साठ. सत्तावन्न वर्षांचा माणूस आमच्याकडे फार क्वचित जन्माला येतो. हे आधी सांगितलं, कारण पुढची निम्मी तक्रार यातून येते.

पहिले दोन महिने अमेरिकेचे. २००९ साली तिकडे हायटेक कायदा आला, इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड घ्यावेत म्हणून सरकारने हॉस्पिटलांना आणि डॉक्टरांना पैसे दिले, आणि त्या लाटेत ‘चीफ मेडिकल इन्फॉर्मेशन ऑफिसर’ हे पद मोठ्या हॉस्पिटलांत रुळलं. २०१३ पासून तिथल्या डॉक्टरांना क्लिनिकल इन्फॉर्मॅटिक्सची रीतसर बोर्डाची परीक्षा देता येते. २०१२ च्या ऑक्टोबरपासून मेडिकेअर, म्हणजे तिथला मुख्यतः वृद्धांचा सरकारी आरोग्य विमा, डिस्चार्जनंतर तीस दिवसांत परत दाखल होणाऱ्यांचं प्रमाण जास्त असलेल्या हॉस्पिटलांचे पैसे कापतं, आता तीन टक्क्यांपर्यंत. म्हणजे तिकडे री-अ‍ॅडमिशनचा तक्ता काढणाऱ्या माणसाच्या पगारामागे कापला जाणारा पैसा उभा आहे. ही साखळी नीट समजली आणि आवडलीही. पण वर्गात ती सांगितली ती हवामानासारखी, जणू सगळीकडे असंच असतं. आमच्याकडून डिस्चार्ज झालेला पेशंट आठव्या दिवशी दम लागून परत आला तर तो आमच्याकडेच येईल कशावरून? दोन गल्ल्या सोडून दुसरं हॉस्पिटल आहे. तिथे त्याला चौथा यूएचआयडी मिळतो आणि आमचा री-अ‍ॅडमिशन रेट सुंदर दिसतो. चौदा आकडी आभा नंबर (देशभर चालणारा सरकारी आरोग्य-ओळख क्रमांक) घराघरांत पोचून प्रत्येक केस पेपरवर चढेल तेव्हा या तक्त्याला आमच्याकडे अर्थ येईल. हा प्रश्न मी विचारला, तर ‘ग्रेट क्वेश्चन’ म्हणून पुढची स्लाइड आली.

अमेरिकेचा खासगीपणाचा कायदा, हिपा, तीन रविवार चालला. आपला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा एका स्लाइडवर उरकला. आणि ज्या नियमाने आमच्यासारख्यांचा दिवस ठरतो तो आलाच नाही: मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनुसार अंतर्रुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायची आणि पेशंटने मागितल्यास ७२ तासांत द्यायची. या ७२ तासांवर एमआरडीची खिडकी चालते.

टूल्सचा भाग बरा. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, स्वच्छ शिकवलं, डॅशबोर्ड बनवायला शिकवले, शिकवणारा मुलगा चुणचुणीत होता आणि कुणी मागे पडलं तर थांबायचा. सरावाचा डेटा मात्र सिंथियाचा, म्हणजे संगणकाने तयार केलेले खोटे पेशंट. खोटे आहेत म्हणून तक्रार नाही, खऱ्या पेशंटांचा डेटा वर्गात वाटणं चूकच. पण हे पेशंट फार आज्ञाधारक. प्रत्येकाला जन्मतारीख, प्रत्येक निदानाला कोड, कुणाची फाइल अर्धवट नाही. आमच्याकडे सरकारी आरोग्य योजनेच्या फाइलवर निदानाच्या जागी पॅकेजचं नाव उतरलेलं असतं आणि ‘फायनल डायग्नोसिस’च्या रकान्यात नुसती तिरकी रेघ. अशा डेटावर आलेख काढायला कुणी शिकवलं नाही.

आता ज्या भागासाठी हे लिहायला बसले तो. चौथ्या महिन्यात ‘मेजरमेंट’ नावाचं मॉड्यूल होतं. शिकवणाऱ्या बाई आधी नर्स, मग वॉर्डातून हळूहळू इन्फॉर्मॅटिक्समध्ये गेलेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी २०१९ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेला एक अभ्यास उलगडला. अमेरिकेत कुणाला जास्त देखभालीची गरज आहे हे ठरवायला एक अल्गोरिदम वापरला जात होता. त्यात वंशाचा रकाना नव्हता, म्हणून सगळ्यांना वाटलं, निःपक्षपाती. पण ‘गरज’ मोजायला बनवणाऱ्यांनी ‘खर्च’ घेतला होता. कृष्णवर्णीय पेशंटवर, तेवढाच आजारी असूनही, कमी खर्च झालेला. मग यंत्राच्या लेखी तो धडधाकट. ही चूक सुधारली तर जादा मदतीसाठी निवडल्या जाणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जातं, असं संशोधकांनी दाखवलं. कोडमध्ये गडबड नव्हती, मोजायला घेतलेली वस्तूच चुकीची होती. बाई म्हणाल्या, हा अल्गोरिदम ठरवणाऱ्यांच्या बैठकीत ‘खर्च म्हणजे गरज नव्हे’ असं म्हणायला जो माणूस हवा होता, त्याला मी या क्षेत्रातला लीडर म्हणते. पदाचं नाव काहीही असो.

मग गृहपाठ. आपल्या हॉस्पिटलातला एकच आकडा घ्या आणि त्याची व्याख्या लिहा. भागाकारात वर काय, खाली काय, कोण वगळलं, का वगळलं. पानभर. मी आयसीयूचा मृत्युदर घेतला.

आपल्याकडे हॉस्पिटलात काम केलेल्या कुणालाही डामा माहीत असतं. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. व्हेंटिलेटरवरचा म्हातारा, बिल वाढतंय, मुलगा म्हणतो, ‘जीव आहे तोवर घरी नेतो.’ सही होते, अ‍ॅम्ब्युलन्स जतच्या किंवा अथणीच्या रस्त्याला लागते. आमच्या रजिस्टरला हा माणूस जिवंत बाहेर पडलेला असतो. समजा आयसीयूत महिन्यात १०० जण दाखल झाले, ८ दगावले आणि १२ डामा झाले. मृत्युदर किती? आठ टक्के, असं वरिष्ठांच्या बैठकीत सांगता येतं. डामा बाजूला काढून ८८ वर भागलं तर नऊच्या वर. त्या बारांतले बरेचसे घरी पोचल्यावर गेले असतील असं धरलं, तर आकडा वीसच्या दिशेने सरकतो. तिन्ही गणितं बरोबर आहेत. यातलं कुठलं भिंतीवर लावायचं, हे एक्सेलला ठरवता येत नाही.

मी व्याख्येत डामा वेगळा रकाना म्हणून दाखवायचा असं लिहिलं आणि सोबत त्यांची कारणं: पैसे, घरी मरण यावं ही इच्छा, दुसरीकडे हलवणं. बाईंनी त्यावर लांबलचक उत्तर लिहिलं. त्यांच्याकडे हा प्रकार इतका मोठा नसतो, म्हणून त्यांनी उलट मलाच प्रश्न विचारले: कारण कोण लिहून घेतं, सिस्टर की आरएमओ (निवासी डॉक्टर), आणि नातेवाईक खरं सांगतात का? हे वाचून मला फीचे पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं. निदान त्या महिन्याचे तरी.

तो कागद मी आमच्या आयसीयूच्या सरांपुढे ठेवला. ते म्हणाले, ‘मॅडम, हे बाहेर गेलं तर लोक म्हणतील इथे माणसं मरतात.’ मी म्हटलं, ‘सर, आधी आतल्या बैठकीत दाखवू. बाहेरचं बाहेर.’ त्यांनी चहा मागवला, आणि आता आमच्या मासिक अहवालात डामाचा स्वतंत्र रकाना आहे. कारणांचा रकाना अजून निम्मा रिकामा येतो. सिस्टरांचं म्हणणं, सही घेताना बाई रडत असते, तिला कारण कुठलं विचारू? मुद्दा रास्त आहे, त्यावर उपाय सापडलेला नाही.

यानंतर आलेलं ‘लीडरशिप’ मॉड्यूल, म्हणजे ज्याच्या नावावर कोर्स विकतात ते, सगळ्यांत पोकळ. आधी एक प्रश्नावली भरा, मग तुमचा स्वभाव कुठल्या रंगाचा ते कळतं. माझा निळा आला. ‘स्टेकहोल्डर’ हा शब्द दर दुसऱ्या वाक्यात. डिस्चार्ज समरीत अंतिम निदान न लिहिणाऱ्या सीनियर सर्जनकडून ते कसं लिहून घ्यायचं, बिलिंगवाल्यांना एक रकाना जास्त भरायला कसं पटवायचं, नवीन एचआयएस (हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर) बसवताना विक्रेत्याने ‘रिपोर्ट नंतर देतो’ म्हटलं तर करारात काय लिहून घ्यायचं, यातलं काही नाही. माझ्या मते खरी लीडरशिप या तीन ठिकाणी असते आणि त्यावर सहा महिने सहज शिकवता येईल.

प्लेसमेंटची मदत हा तर विनोदच. करिअर कोच म्हणून एक तरुण आला, त्याने माझ्या बायोडेटातून ‘मेडिकल रेकॉर्ड’ हे शब्द काढून ‘हेल्थ डेटा स्ट्रॅटेजी’ घातले. त्यानंतर फोन आले ते हॉस्पिटलांना बिलिंगचं सॉफ्टवेअर विकायच्या नोकरीसाठी. डॉलरमधले पगाराचे तक्ते पहिल्या आठवड्यात दाखवले होते. आपल्या भागात ‘एचआयएस एक्झिक्युटिव्ह’ किंवा ‘एमआरडी ऑफिसर’ या नावाने जाहिरात येते आणि मुलाखतीत टीपीएच्या (विम्याचे दावे हाताळणाऱ्या कंपन्यांच्या) फाइली बघाल का, असं विचारतात. जागा अजिबात नाहीत असं मात्र नाही. हॉस्पिटलांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचने २०२३ मध्ये हॉस्पिटलांसाठी डिजिटल हेल्थची वेगळी मानकं आणली, आभा नंबर देणारं आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ पासून देशभर चालू आहे, आणि या दोन्हींची उत्तरं द्यायला व्यवस्थापनाला कुणीतरी लागतं. बहुतेक ठिकाणी हे काम क्वालिटी मॅनेजरच्या गळ्यात पडतं. म्हणजे आधी काम येतं, पदनाम मागून.

पैसे वाचवायचे असतील त्यांच्यासाठी: कोर्समधलं बरंच काही फुकट आहे. स्नोमेड सीटी या वैद्यकीय संज्ञांच्या कोशाचा भारत २०१४ पासून सदस्य आहे, त्यामुळे आपल्याला ते विनामूल्य वापरता येतं, आणि त्याचं काम बघणारं ईएचआर (इलेक्ट्रॉनिक हेल्थ रेकॉर्ड) मानकांचं राष्ट्रीय केंद्र आपल्या पुण्यात, सी-डॅकमध्ये आहे. आपल्या देशासाठी बेतलेले फायरचे (दोन सिस्टीमांत रेकॉर्डची देवाणघेवाण करायच्या मानकाचे) नमुनेही तेच प्रसिद्ध करतात. आयसीडी-११, म्हणजे आजारांच्या कोडची यादी, जागतिक आरोग्य संघटनेच्या साइटवर उघडं आहे. आभाशी सॉफ्टवेअर जोडून बघायला सरकारी सँडबॉक्स, म्हणजे चाचणीची जागा, आहे. आकडेवारीच्या कामाची आर ही संगणकाची भाषा फुकट, आणि सिंथियाचे आज्ञाधारक पेशंटही फुकट.

मग घ्यावा कुणी? ताज्या पदवीधर मुलांनी नको. वॉर्ड किंवा एमआरडी न पाहिलेल्याला ते चौथं मॉड्यूल अंगाला लागणार नाही, आणि उरलेलं यूट्यूबवर मिळतं. डॉक्टर असाल आणि हॉस्पिटल फी भरत असेल तर जरूर घ्या. नर्सिंग, क्वालिटी, एमआरडी यांत मुरलेल्यांनी, खिशाला झेपत असेल तर, विचार करावा. त्याआधी डेमो वर्गात एक प्रश्न टाकून बघा: डामा झालेला पेशंट तुमच्या मृत्युदरात कुठे धरता? शिकवणारा थांबून तुम्हाला उलटा प्रश्न विचारू लागला तर नाव नोंदवा. ‘ग्रेट क्वेश्चन’ ऐकू आलं तर लॉग-आउट करा, आणि नंतर येणारे त्यांच्या सेल्सवाल्यांचे फोन उचलू नका. ते रात्री साडेनऊपर्यंत येतात.