नाशिक की कोल्हापूर? दोन्हीकडे राहून झाल्यावर

पुणे-मुंबई सोडून जरा आटोपशीर शहरात जायचं असं ज्यांचं चाललंय त्यांच्या बोलण्यात फिरून फिरून दोन नावं येतात, नाशिक आणि कोल्हापूर. मी दोन्हीकडे बिऱ्हाड केलंय, आधी नाशिक आणि आता कोल्हापूर, म्हणून लिहितोय. नाशिकची हवा, कोल्हापूरचा तांबडा-पांढरा आणि दोन्हीकडची मिसळ हे सगळ्यांना माहितीये, त्यात वेळ घालवत नाही. मी मूळचा सोलापूरकडचा, त्यामुळे अमुक शहराची बाजू घ्यायचं मला जन्मजात कारण काही नाही.

नोकरीधंद्याचं बघाल तर नाशिक पुढे, त्यात वादच नाही. अंबड-सातपूर एमआयडीसी, ओझरला एचएएल, नाशिकरोडला नोटांचा छापखाना, आणि मुंबई हाताशी. समृद्धीचा इगतपुरीपासून पुढचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाटाची डोकेदुखीही बरीच कमी झालीय. आकारातही फरक आहे, २०११ च्या जनगणनेत नाशिक १४ लाख ८६ हजार आणि कोल्हापूर साडेपाच लाखाच्या आसपास. फ्लॅट, शाळा, हॉस्पिटल, सगळ्यात चॉइस जास्त. कोल्हापूरला शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलकडे फाउंड्र्या आणि मशीन शॉप भरपूर, पण आयटीवाल्याने इथे येऊन नोकरी शोधू म्हटलं तर अवघड आहे. आमचं दोघांचं काम लॅपटॉपवरचं म्हणून आम्हाला निवड करता आली, सगळ्यांना ती नसते हे मला कळतं.

पुण्याला जाणंयेणं असेल तर एक लक्षात ठेवा, नाशिक-पुणे थेट रेल्वेमार्ग नाही. बस किंवा गाडी, संगमनेर-नारायणगाव करत चाकणला येऊन अडकायचं. कोल्हापूरहून निदान रेल्वे आहे, हायवेचं काम मात्र इतकी वर्षं चाललंय की गाडीने जायचं म्हटलं की अंगावर काटा येतो.

पावसाळ्यात कोल्हापूर सोपं नाही. नाशिकला गोदावरीला पूर येतो तेव्हा लोक दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं ते विचारतात, गोदाघाट आणि आसपासचा भाग सोडला तर उपनगरात आपलं रोजचं चालू असतं. इथे जुलै लागला की प्रत्येक फोनवर एकच प्रश्न, पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्याला किती फूट? ३९ म्हणजे इशारा पातळी, ४३ म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ ला हायवे बंद पडला, दूध-पेट्रोलची बोंब झाली, अर्ध्या शहराला टँकरचं पाणी. ही गोष्ट बाजूला सारून कोल्हापूर निवडू नका.

आता ओळखीचं. नाशिकला स्वतःची ओळख नाही असं काही लोक म्हणतात ते मला मुळीच पटत नाही. रंगपंचमीला जुन्या नाशकात जाऊन बघा, वर्षभर बुजवलेल्या पेशवेकालीन रहाडी, म्हणजे जमिनीतले मोठे हौद, उघडतात, रंगाच्या पाण्याने भरतात आणि पोरं त्यात उड्या टाकतात, असं काही मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते. पण हे सगळं जुन्या गावात. आपण बाहेरून येणारे राहणार कुठे, तर पाथर्डी फाटा, इंदिरानगर, नाहीतर गंगापूर रोडच्या पार टोकाला. तिथे कळवण-सटाण्याचे लोक, धुळे-जळगावचे, मराठवाड्यातले, युपी-बिहारचे. लिफ्टमध्ये अहिराणी कानावर पडायची ते मला फार आवडायचं. माणसं चांगली, कुणी तुमच्या घरात डोकावत नाही, कुणी आडनावावरून अंदाज बांधत बसत नाही. नव्या माणसाला हा मोठा आराम आहे आणि काहींना नेमकं हेच हवं असतं.

मला जी गोष्ट खटकली ती दिवाळीत. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवसापासून आमच्या बिल्डिंगचं पार्किंग रिकामं व्हायला लागायचं. बॅगा डिकीत, आकाशकंदील लावून लाइट टायमरवर टाकलेली, आणि गाड्या गावाकडे. नरक चतुर्दशीला पहाटे खाली यावं तर वॉचमन आणि आम्ही. माझ्या मुलाने एका वर्षी किल्ला करायला घेतला, माती आणली, पोत्याच्या कापडाने उतार केला, हळीव पेरलं, मावळे आणले, आणि बघायला कुणीच नाही. तो दर तासाला गॅलरीतून खाली बघायचा, कुणाची गाडी परत आलीय का. भाऊबीज झाल्यावर पोरं परत आली तोवर हळीव पिवळं पडलं होतं. माझं गावाकडचं घर आता राहिलेलं नाही, आम्हाला जायला जागाच नव्हती, म्हणून आम्हाला ते जास्त लागलं असेल, मान्य आहे. ज्यांचं गाव शाबूत आहे त्यांना यात काही वावगं वाटणार नाही.

पण एकदा ते डोळ्यांत भरलं आणि मग बाकीच्या गोष्टींतही तेच दिसायला लागलं. सोसायटीच्या मीटिंगला सात-आठ टाळकी. पुढच्या रस्त्यावरचे दिवे महिनोन्महिने बंद, नगरसेवकाकडे जाऊया म्हटलं की उत्तर ठरलेलं, पोराचं शिक्षण होईस्तोवरच आहे हो आपण इथे. कुणी वाईट नव्हतं, फक्त प्रत्येकाचं "आपलं" कुठेतरी दुसरीकडे होतं.

कोल्हापुरात उलटं वारं आहे. दिवाळीला पुणे-मुंबई-बंगळूरला गेलेली पोरं इकडे येतात, आमची गल्ली तेव्हा इतकी भरते की गाडी लावायला जागा नसते. गल्लीत किल्ला एकच, पण त्यावर दहा-बारा पोरं आणि चार काका, तटबंदी चुकली म्हणून भांडणारे. आमचं सामान लागायच्या आत मंडळाची पोरं वर्गणीचं पुस्तक घेऊन हजर झाली, "काय भावा, कुठलं गाव?" हा प्रश्न पहिल्या आठवड्यात इतक्यांनी विचारला की सुरुवातीला मला जरा अंगावर आल्यासारखं झालं. फुटबॉलचा सीझन लागला तेव्हा मुलाला शेजारच्यांनी शाहू स्टेडियमला नेलं, परत आला तो पेठेची टीम ठरवूनच.

आणि ही आपलेपणाची भावना नुसती मिरवण्यापुरती राहत नाही असा माझा अनुभव आहे. शहरातल्या रस्त्यांवर टोल लावला तो या लोकांनी वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरून घालवला, शेकापचे ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील सर त्या वयात पुढे उभे होते. हायकोर्टाच्या बेंचची मागणी कितीतरी दशकं लावून धरली, शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये सर्किट बेंच सुरू झालं. आमच्या भागात नळाला पाणी आलं नाही तर दुसऱ्या दिवशी बायका घागरी घेऊन रस्त्यात बसतात आणि संध्याकाळपर्यंत काहीतरी हालचाल होते. रस्ते मात्र तरीही खड्ड्यांचेच आहेत, आणि १९७२ ला महापालिका झाली तेव्हाची हद्द अजून तशीच आहे, त्यामुळे शहर आतल्या आत दाटलंय.

याची किंमतही सांगितली पाहिजे. डॉल्बी. मिरवणूक गल्लीतून गेली की कपाटातली भांडी वाजतात, माझ्या सासऱ्यांना त्या रात्री आम्ही आतल्या खोलीत झोपवतो. जाऊन बोललो तर पोरं ऐकून घेतात, आवाज कमी करतात, पुढच्या चौकात परत तेच. घरात हार्टचा पेशंट किंवा तान्हं बाळ असेल तर पेठांमध्ये घर घेऊ नका, सरळ सांगतो, ताराबाई पार्क किंवा त्याहून बाहेर बघा.

तर दोघांपैकी एकाची नोकरी ठरलेली असेल, मुंबईला सारखं जावं लागत असेल, किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी फार जवळ येऊ नये असं वाटत असेल तर नाशिकला जा, सुखात राहाल, त्यात २०२७ च्या सिंहस्थाची कामं चालू आहेत म्हणजे रस्त्यांचंही काही भलं होईल. गाव मागे सुटलेलं असेल आणि मुलांना एखादं शहर आपलं म्हणता यावं असं वाटत असेल, तर मी कोल्हापूर म्हणेन. इथे घर बघताना २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं हे बिल्डरला विचारत बसू नका, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा. सुतारवाडा, दुधाळी, व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीचा खालचा भाग इथे तर विचारल्याशिवाय टोकन देऊच नका, आणि महापालिकेत जाऊन पूररेषेचा नकाशा स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या.