2 एचपीची कडबाकुट्टी: दोन-तीन जनावरांच्या गोठ्याला परवडते का?

ज्वारी घरात, कडबा गोठ्यात आणि शेण परत रानात. कोरडवाहू शेतकऱ्याचा हा हिशेब गळतो तो गव्हाणीपाशी. अख्खी पेंढी टाकली की जनावर पाला ओढून खातं आणि धाटं तुडवतं. सिंगल फेजवरचं, दोन पात्यांचं हे यंत्र धाटाचे इंचाच्या आतले तुकडे करतं, म्हणून उष्टं कमी उरतं. जे उरतं तेही उकिरड्यात लवकर कुजतं. अख्खं धाट महिनोन्महिने तसंच पडून राहतं.

वाळल्या कडब्यावर काम चोख. ओल्या गवताचे मात्र रोलरला वेढे बसतात, त्यामुळे रिव्हर्सचा दांडा असलेलंच घ्या. हात घालून ओढायची वेळच येता कामा नये. पातं आणि त्याच्यासमोरची न हलणारी पट्टी यांत जाड कागदाएवढीच फट ठेवा. ती वाढली की धाट कापायच्या ऐवजी चेचलं जातं, पट्टा घसरतो, मोटर तापते, आणि शिव्या खातो दुकानदार! व्होल्टेज पडलेलं असताना चालवलं तर मोटरचं वाइंडिंग, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, जळतं.

फुलोऱ्याआधीची कोवळी ज्वारी कुट्टी करूनही विषारीच. दोन शेळ्याच असतील तर विळा पुरे.