रुमालाएवढ्या खरेदीसाठी जगातले महागडे रस्ते

महागड्या खरेदीच्या रस्त्यांविषयी जे लिहिले जाते, ते बहुधा कोणाचे दुकान कुठे आहे आणि जागेचे भाडे किती आहे, एवढ्यावरच थांबते. मला मात्र हे रस्ते वेगळ्या गरजेतून पाहायचे होते. ज्याला दहा दुकाने डोळे भरून पाहायची आहेत आणि घ्यायचा झालाच तर एखादा रुमाल घ्यायचा आहे, अशा माणसाची तिथे काय कदर होते, हे मी पाहत होतो.

मिलानच्या व्हिया मॉन्तेनापोलेओनेविषयी अपेक्षा फार होत्या, कारण कुशमन अँड वेकफिल्ड या मालमत्ता सल्लागार कंपनीच्या २०२४ च्या अहवालात न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूला मागे टाकून हाच रस्ता भाड्याच्या बाबतीत जगात पहिला आला होता. प्रत्यक्षात तो अर्ध्या किलोमीटरहूनही कमी लांबीचा आणि अरुंद आहे. काचेआडची मांडणी देखणी आहे, यात शंका नाही. पण पाय दुखले तर टेकायला जागा नाही. १८१७ साली सुरू झालेले आणि १९५० पासून याच रस्त्यावर असलेले कोव्हा हे कॅफे तेवढे आधाराला येते, तेही इटालियन लोकांसारखी काउंटरपाशी उभ्यानेच कॉफी प्यायची तयारी असेल तर, कारण टेबलावर बसले की दर बदलतो. एका दुकानाबाहेर दोरीमागे चाळीस मिनिटे उभे राहून आत गेलो, तेव्हा आत जेमतेम तीन गिऱ्हाइके होती. गर्दीसाठी रांग लावली जाते हे समजू शकते. इथे रांगच शोभेसाठी लावली होती.

लंडनच्या बाँड स्ट्रीटने हा राग बराचसा घालवला. ओल्ड आणि न्यू बाँड स्ट्रीट जिथे मिळतात, तिथे एका बाकावर चर्चिल आणि रूझवेल्ट यांचे ब्राँझचे पुतळे गप्पा मारत बसले आहेत आणि दोघांच्या मध्ये मुद्दाम एका माणसापुरती जागा सोडलेली आहे. १९९५ पासून येणारेजाणारे तिथे बसून फोटो काढत आले आहेत. थोडे पुढे सदबीज या लिलावघराच्या दारावर मान वर करून पाहिले, तर सेखमेत या इजिप्शियन देवीचे तीन हजारांहून अधिक वर्षांचे काळ्या दगडातले शिल्प दिसते. लिलावापूर्वी मांडलेल्या वस्तू पाहायला आत सहसा कोणालाही मोफत जाता येते, आणि संग्रहालयातही न दिसणारी चित्रे तिथे दोन हातांवरून पाहता येतात. खरेदी करणाऱ्यांसाठी मात्र एक अडचण आहे. १ जानेवारी २०२१ पासून परदेशी पर्यटकांना दुकानातून सोबत नेलेल्या वस्तूंवरचा व्हॅट तिथे परत मिळत नाही. पॅरिस किंवा मिलानमध्ये ठरावीक रकमेच्या वरच्या खरेदीवर तो मिळतो.

पॅरिसचा ॲव्हेन्यू माँतेन रुंद आणि झाडांचा आहे, पण फारच शांत. तिथे रेंगाळणारा माणूस चटकन नजरेत भरतो. ३० क्रमांकाच्या, दिओर या फॅशन कंपनीच्या इमारतीला लागून असलेले, तिकीट काढून पाहायचे प्रदर्शन मात्र चुकवू नये. फिफ्थ ॲव्हेन्यूवर गर्दीच पुढे ढकलत नेते. त्यातही बावन्नाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या कार्तिये या जवाहिर कंपनीच्या वाड्यासमोर थांबलो, कारण १९१७ साली मोत्यांचा दुपदरी हार आणि शंभर डॉलर देऊन हा वाडा कंपनीने घेतला होता. असा व्यवहार पुन्हा कोणाला जमेल असे वाटत नाही. नंतर शिंपल्यांची शेती करून पिकवलेल्या मोत्यांमुळे मोत्यांचे भावच कोसळले.

टोकियोच्या गिन्झाला मी डोळे मिटून पहिला क्रमांक देईन. शनिवारी, रविवारी आणि सुटीच्या दिवशी दुपारी बारा वाजले की मुख्य रस्त्यावरची वाहने बंद होतात. १९७० पासूनच्या या प्रथेला जपानी लोक ‘पादचाऱ्यांचा स्वर्ग’ म्हणतात. भर रस्त्यात छत्र्या आणि खुर्च्या मांडल्या जातात, आणि काहीही विकत न घेता तिथे बसून १९३२ सालच्या वाको इमारतीवरच्या घड्याळाचे ठोके ऐकता येतात. इमारतींच्या उंचीला ५६ मीटरची मर्यादा असल्याने आकाशही पुरेसे दिसते. संध्याकाळी भुरभुर सुरू झाली, म्हणून एका मोठ्या दुकानात शिरलो आणि अखेर एक रुमाल घेतला. करमाफीसाठी किमान ५,००० येनांची खरेदी लागते आणि माझा रुमाल त्याच्या जवळपासही नव्हता. तरीही काउंटरवरच्या बाईंनी कागदाच्या कडा बोटाने दाबून दाबून त्याची घडी बांधली, तो पिशवीत ठेवला, आणि बाहेर पाऊस आहे म्हणून त्या पिशवीवर प्लास्टिकचे पारदर्शक आवरण चढवून दोन्ही हातांनी ती माझ्यापुढे धरली.