'डीएस'च्या पट्टीत निम्मीच गोळी!

आईच्या लघवीच्या संसर्गाचा कल्चर रिपोर्ट स्पष्ट होता: को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक लागू पडेल. डॉक्टरांनी त्याची डीएस, म्हणजे 'डबल स्ट्रेंथ', दुप्पट ताकदीची गोळी लिहून दिली, दिवसातून दोनदा. मी ती ऑनलाइन मागवली आणि सरळसरळ गंडवला गेलो.

पट्टीवर छापलेलं: सल्फामेथॉक्साझोल 800 मिलिग्रॅम, ट्रायमेथोप्रिम 160 मिलिग्रॅम. बॅच नंबर, एक्स्पायरी, सगळं जागच्या जागी. गोळी मात्र केवढीशी! मागच्या वेळी आईला हीच गोळी मोडून घ्यावी लागायची. या वेळी एका घोटात गिळली आणि म्हणाली, "बरं झालं, छोटी दिली." तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. 960 मिलिग्रॅम औषध एवढ्याशा गोळीत मावेल कसं? पण घरात माणूस तापाने फणफणलेलं असताना गोळ्यांची मापं कोण काढत बसतं?

ताप उतरेना. डॉक्टरांना वाटलं, जंतू दाद देत नाहीत. शेवटी मी दहा गोळ्या बारीक काट्यावर ठेवल्या. 5.6 ग्रॅम! अहो, नुसतं औषधच 9.6 ग्रॅम भरायला हवं. बहुधा साधी 400/80ची गोळी डीएसच्या पट्टीत कोंबलेली. नाहीतर निव्वळ खडू.

वाढायला लागणारं फोलेट हे जीवनसत्त्व जंतू स्वतः बनवतात. सल्फा, म्हणजे सल्फामेथॉक्साझोल, त्यातली एक पायरी अडवतं, ट्रायमेथोप्रिम पुढची. म्हणून जोडीने देतात. अपुऱ्या डोसवर ते मरत नाहीत, उलट निर्ढावतात. आणि हो, असा संशय आला तर आपल्या मनाने दोन-दोन गोळ्या घेऊन भरपाई करू नका. आत काय आहे तेच माहीत नसतं!

औषध निरीक्षकांचं कार्यालय म्हणतं, सीलबंद पट्टी आणा. फोडल्याशिवाय कळणार कसं? घरच्या काट्यावरचं वजन म्हणे पुरावा नाही. मग तुमच्या प्रयोगशाळेत तपासा ना! तर त्याला पक्कं बिल हवं. बिल आहे, पण त्यावरचा परवाना क्रमांक भलत्याच कुणाचा, म्हणून पोलिसांकडे जा. पोलीस म्हणतात, औषधाचं आहे, तिकडेच जा. फसवणारा एक, टोलवणारे दहा.

प्रिस्क्रिप्शन न मागता अँटिबायोटिक देणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका. यानेही मागितलं नव्हतं, आणि मला ती सोय वाटली. पट्टी फोडण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढा. उरलेल्या गोळ्या फेकू नका. सल्फाने अंगावर पुरळ उठलं तर तडक डॉक्टरांकडे, गोळी खरी असो वा खोटी.

विक्रेत्याचा नंबर बंद आहे. धंदा मात्र दुसऱ्या नावाने चालू, पट्टीचा फोटोसुद्धा बदललेला नाही.